अजीज मिस्त्री पदवीची परीक्षा घेतात

पुसदला नवीन डॉक्टर आला की त्याची पहिली परीक्षा आमचे अजीज मिस्त्री घेतात. रीतसर नंबर लावून आत जातात, स्टुलावर बसतात आणि गप्प राहतात.

"काय होतंय?" डॉक्टर विचारतो.

"थे तुमी सांगा. मीच सांगतलं तर तुमी कायले शिकले?"

मागच्या खेपेला एका तरुण डॉक्टरने बिचाऱ्याने नाडी पाहिली, बीपी पाहिलं, पोट दाबलं, पापण्या ओढून पाहिल्या. शेवटी घाम पुसत म्हणाला, "काका, तुम्हाला काहीच झालेलं दिसत नाही."

"पास!" मिस्त्री खूश होऊन उठले. "मी तुमची पान्याची मोटर दुरुस्त करून आनलती. बाहेर ठेवली हाय."

मोटर वायंडिंग आणि फवारणी पंप दुरुस्तीचं त्यांचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे. आमच्यात एकच भिंत. त्यामुळे दिवसभर पलीकडून 'पास', 'नापास' ऐकू येत राहतं. शिंप्याला सदरा शिवायला देण्याआधी मिस्त्री त्याच्याकडून एक काज करून घेतात. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी भर बैठकीत स्टोव्ह पेटवायला लावला होता. मुलगा पास झाला, स्टोव्ह नापास. मीही सुटलो नाही. दुकान टाकलं त्या दिवशी येऊन त्यांनी स्वतःच्या रेशनकार्डाची प्रत काढायला लावली, उन्हात धरून दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, "जमते तुले. अक्षर जरा फिक्कं हाय. तीन महिन्यांनी पुन्हा पाह्यतो." आणि तीन महिन्यांनी खरंच आले.

हा नुसता चक्रमपणा आहे असं मलाही बरेच दिवस वाटायचं. मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. कापूस आतून पोखरला जात होता. लोक जमेल ते औषध मिसळून फवारत होते आणि फवारता फवारता दवाखान्यात भरती होत होते. मिस्त्रींनी दुकानाचा नियमच करून टाकला. दुरुस्त केलेला पंप तसा न्यायचा नाही. त्यात साधं पाणी भरायचं, पाठीवर घ्यायचा आणि चौकापर्यंत जाऊन यायचं. माणूस परत आला की मिस्त्री त्याच्या सदऱ्याची पाठ हाताने चाचपून पाहत.

"ओली हाय. पंप नापास. ठेवून जा."

"मिस्त्री, दोन थेंब तर हाय!"

"थे दोन थेंब उद्या औषधाचे राह्यतीन."

लोक चिडायचे, दुसऱ्या दुकानात जाऊ म्हणायचे, काही जातही. मिस्त्री वायसर बदलत बसत.

पुढच्या हंगामात लोकांनी कापूस कमी केला, सोयाबीन वाढवलं, आणि मिस्त्रींच्या बाकड्यावरची गर्दी ओसरली. दोन्ही मुली सासरी, बायको, म्हणजे आमची भाभी, वारून चार वर्षं झालेली. दुपारी भिंतीपलीकडून हातोडीचा आवाजही येईनासा झाला. अशात लोहारा गावच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाने यंत्रांच्या देखभालीसाठी त्यांना बोलावणं धाडलं. मिस्त्री गेले. यंत्राला हात न लावता, डोळे मिटून नुसतं ऐकलं आणि कोणतं बेअरिंग जाणार ते सांगितलं. उघडून पाहिलं तर तेच. साहेब खूश. मग ऑफिसात फॉर्म भरायला दिला. त्यात पदवीचा रकाना होता. मिस्त्रींनी त्यात आडवी रेघ मारली. "कळवतो," असं त्यांना सांगण्यात आलं. ते कोणी कधी कळवलं नाही.

"मशीननं पास केलं, भाऊ," ते मला म्हणाले. "रकान्यानं नापास."

त्यानंतर महिनाभराने ते मोबाईल घेऊन धावत माझ्याकडे आले. एका ऑनलाइन पदवीची जाहिरात होती. हजेरी नाही, वर्ग नाही. जे येतं त्याची परीक्षा द्या आणि पुढे जा. नाही येत ते आपल्या गतीने शिका, मग परीक्षा द्या.

"हे तं माहंच डोकं हाय! कोनं चोरलं?"

दोन दिवस त्यांनी बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर प्रश्न लिहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात बसून, फोन मोठ्या आवाजावर ठेवून, त्या संस्थेच्या माहिती देणाऱ्या बाईंची तोंडी परीक्षा सुरू केली.

"बाई, एखादा विषय मले आधीच येत असन तर?"

"लगेच परीक्षा द्या, सर. सहा महिने थांबायची गरज नाही."

"पास. अन् नाई आला तर?"

"पुन्हा तयारी करा, पुन्हा द्या. आमच्याकडे नापास असं काही नसतंच."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "नापासच नाई, तं पास कायचा?"

बाई मात्र हुशार निघाल्या. त्यांनी मिस्त्रींनाच उलटं विचारलं. रोज स्वतःहून अभ्यासाला बसाल का? मागे लागणारं कोणी नसेल. अडलं तर लिहून विचाराल का? सलग वाचायची सवय आहे का? "घाई करू नका, सर. नमुन्याचे धडे फुकट आहेत. पंधरा दिवस रोज ठरल्या वेळी बसून पाहा आणि मग ठरवा, हे तुमच्यासाठी आहे का."

फोन ठेवून मिस्त्रींनी पुठ्ठा उलटा केला आणि मागे बाईंचे प्रश्न लिहून घेतले. "बाई जबर हाय. तिनं माहीच परीक्षा लावली."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोनच्या ठोक्याला अजीज मिस्त्री माझ्या कॉम्प्युटरसमोर हजर. हात साबणाने घासून धुतलेले, डोळ्यांवर चष्मा, कानाला पेन. धडा होता व्यवस्थापनाचा. पडद्यावरचे सर बोलू लागले की मिस्त्री दर मिनिटाला त्यांना थांबवत.

"थांब बापा. गिऱ्हाईक देव असते म्हन्तो. देवाचा पंप गयत असन, पाठ ओली होत असन, तं काय करशीन?"

सर तोंड उघडं ठेवून गोठलेले. उत्तर येत नाही म्हटल्यावर मिस्त्री माझ्याकडे वळायचे, आणि मला हातातलं काम सोडून सरांच्या वतीने भांडावं लागायचं. माझी गिऱ्हाइकं ताटकळत. पण खरं सांगतो, मलाही दोन वाजायची ओढ लागली होती.

पंधरा दिवसांत त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. चाचणीत वीसपैकी अठरा. लेखी कामात 'तुमच्या कामातील एक अडचण आणि तुम्ही शोधलेला उपाय' असा विषय होता. त्यांनी पाठीवरच्या साध्या पाण्याची गोष्ट लिहिली. त्यावर तपासणाऱ्याचा शेरा आला, 'उत्कृष्ट. हे इतरांनाही शिकवा.' मिस्त्रींनी तो शेरा मला तीनदा वाचायला लावला. दरवेळी दुसरीकडे पाहत ऐकला.

आता फक्त हो म्हणायचं बाकी होतं. सोळाव्या दिवशी मी फोन लावून दिला.

"काय ठरलं, सर?" बाईंचा आवाजही आनंदी होता.

"सगळं ठीक हाय, बाई. एकच प्रश्न राह्यला." मिस्त्रींनी घसा साफ केला. "माह्या बाजूले कोन बसन?"

"बाजूला म्हणजे?"

"बेंचवर."

बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "सर, हे ऑनलाइन आहे ना. बेंच नसतो. तुम्ही तुमच्या गतीने, इतर त्यांच्या. अडलं तर आम्ही आहोतच."

"हव." मिस्त्रींनी चष्मा काढून ठेवला. "बाई, तुमचा कोर्स पास हाय. मीच नापास."

फोन बंद झाल्यावर मी जरा चिडलोच. इतकं चांगलं चाललेलं, हजेरीची कटकट नाही, दुकान सांभाळून होण्यासारखं. आणि बेंचसाठी सोडायचं?

मिस्त्री कानाचं पेन काढून त्याचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "बारावी पास झालतो मी, भाऊ. कॉलेजात नाव टाकलं. अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी अब्बा गेले, अन् मी दुकानात बसलो. थ्या अकरा दिवसांत काय शिकवलं, काई याद नाई. बाजूले एक पोट्टा बसे. मास्तर फळ्याकडे फिरला का हा मले कोपर मारून हसवे. त्याचं नाव इचारायचं राहून गेलं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "मंग पस्तीस वर्षं हे एकट्याचं स्टूल. एकट्यानं शिकाचं तं मले येतेच. थे मी रोज करतो. त्याची काय परीक्षा द्यायची?"

लोहाऱ्याच्या त्या रकान्याचं त्यांच्या बोलण्यात नावही नव्हतं. मी मात्र पंधरा दिवस तोच धरून बसलो होतो.

मला दुसरं काही सुचेना म्हणून मी चौकशी केली. गावातल्या एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं केंद्र होतं. दर रविवारी वर्ग, वर्षं तीन, हजेरी हवी, न येणाऱ्याला नापास करायचीही सोय. मिस्त्रींनी तिथल्या कारकुनाला एकच प्रश्न विचारला, एका बेंचवर किती जण बसवता? "दोन," तो म्हणाला. फॉर्म मीच भरला.

आता दर रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून जातात. सोमवारी मला सगळी हकीकत ऐकावी लागते. बाजूला फुलसावंगीची एक अंगणवाडी सेविका बसते, मीराताई. ती मिस्त्रींपेक्षा वीस वर्षांनी लहान आहे आणि इतिहासाच्या तासाला दोघांनाही झोप येते.

गेल्या सोमवारी मिस्त्री दुकान उघडण्याआधीच माझ्या पायरीवर उभे होते. हातात वहीची सहा पानं. एरवीचं त्यांचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. ही पानं मात्र ठळक, टपोऱ्या अक्षरात, समासाची रेघ आखून लिहिलेली.

"याची एक कॉपी काढ. गडद काढजो."

"काय आहे हे?"

"मीराताई काल आली नाई. पोराले ताप होता म्हने." ते पानं सारखी करत म्हणाले. "तिच्यासाठी कालचं सगळं पुन्हा लिवून काढलं, रातच्या गाडीनं फुलसावंगीले पाठवतो. मूळ प्रत तिले. झेरॉक्स मले चालते."