नाना परबांचं रॉकेल

नाना परबांकडे कुणी जुनं हत्यार घेऊन आलं, की नाना आधी त्याचा वास घ्यायचे. अगदी नाकाला लावून, डोळे मिटून, अत्तर हुंगावं तसा. मग आणणाऱ्याकडे न बघता म्हणायचे, "आधी आंघोळ, मगे वळख, मगे भाव." आंघोळ हत्याराची, आणि तीही रॉकेलची. त्यांच्या मोरीत एक घमेलं कायम भरलेलं असायचं. त्यात पाने, वंगण भरायच्या ग्रीसगन, तेलाच्या कुप्या म्हशींसारख्या डुंबत पडलेल्या असायच्या.

हे रॉकेल बहुतेक वेळा आमचं असायचं. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर नानांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून. रेशनच्या रांगेत मी उभी राहायची, दादरच्या कचेरीत उशिरा पोचून साहेबाची बोलणी मी खायची, आणि संध्याकाळी नाना बाटली घेऊन दारात हजर. "स्टोव्ह काय, उद्या पेटतलो. हय लोखंडाचो जीव जाता." आई निमूटपणे बाटली भरून द्यायची. मी भांडी आपटायची. भिंतीपलीकडे त्याचा काही परिणाम होत नसे.

नाना शिवडीला गोदीजवळ एका ट्रॅक्टर कंपनीच्या वर्कशॉपात फिटर होते. बोटीतून पेट्यांत भरलेले सुटे ट्रॅक्टर यायचे, ते जोडायचे, तपासायचे आणि गावोगाव पाठवायचे. उभं आयुष्य ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेलं, पण हा माणूस शेतातल्या ट्रॅक्टरवर एकदाही बसला नव्हता. कोकणात परबांची भातखाचरं एवढीशी, की तिथे ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याशी कज्जाच झाला असता. पुढे वर्कशॉप बंद पडलं. हत्यारं भंगारात गेली आणि ती ओळखणारे नाना तेवढे गॅलरीत उरले.

मग लोक त्यांना शोधत यायला लागले. फार्महाउसवाले, जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून मिरवणारे हौशी, भंगारवाले. आमचा जिना नाकाला रुमाल लावून चढायचे आणि पिशवीतून गंजकं लोखंड काढायचे. नाना पाना हातात तोलायचे, ठशाची अक्षरं बोटाने चाचपायचे, आटे नखाने मोजायचे. जुन्या विलायती ट्रॅक्टरचे पाने इंचाच्या मापाचे, नंतरचे मिलिमीटरचे, हे ते चिमटीतच ओळखत. गंज असला तर खूश व्हायचे. रंग दिसला की चेहरा आंबट. एकदा एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी घेतलेली ग्रीसगन आणली, सोनेरी रंग मारलेली. नानांनी ती सरळ घमेल्यात बुडवली. तासाभराने सोनं उतरलं, तेव्हा दांडा एका बनावटीचा आणि नळी दुसऱ्याच बनावटीची निघाली. "नवरो एका गावचो, व्हकल दुसऱ्या गावची," नाना म्हणाले, "आणि लगीन लावलेला चोरबाजारान." हॉटेलवाला चहा न पिता गेला.

हीच परीक्षा ते माणसांना लावायचे. चाळीचे सेक्रेटरी म्हणजे 'रंग मारलेलो डुप्लिकेट'. माझी आई 'ओरिजिनल, वरचा खोका पण शाबूत'. मी 'ओरिजिनल, पण आटे गेलेले', म्हणजे कुठे नीट बसणार नाही अशी. मला बघायला एक स्थळ आलं, तेव्हा नानांनी मुलाशी हात मिळवला, तो जरा वेळ धरूनच ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हात मऊ आसा. वापरलेलो नाय." स्थळ पुन्हा आलं नाही. मी आठवडाभर नानांशी बोलले नाही. पुढे त्या मुलाबद्दल जे कानावर आलं, त्यानंतर स्वतःहून एक बाटली रॉकेल नेऊन दिलं.

भाव सांगण्याबद्दल नाना कुणाकडून काही घेत नसत. प्रत्येकाला निघताना एकच प्रश्न विचारत. "तीन पायांचो पुलर खंय बघितलास? एका पायाक वेल्डिंग मारलेलो?" पुलर म्हणजे घट्ट बसलेलं बेअरिंग ओढून काढायचं हत्यार. तीन पाय, प्रत्येक पायाला आत वळलेलं नख. माणूस नाही म्हणाला, की नाना म्हणत, "गावतलो. पुलर गावलो की विकणारो गावतलो."

हा विकणारा म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, दत्तू.

आईबाप लवकर गेले. दत्तूला नानांनीच वाढवला, त्याच्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं. दत्तू जवळच्याच एका गिरणीत, तिथल्या वर्कशॉपात कामाला लागला. हसरा मुलगा, येता-जाता माझ्या आईच्या हातातली कळशी उचलून घेणारा. खंडेनवमीला गिरणीत हत्यारांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, नारळ, गुलाल. तिथून येताना दत्तू कागदाच्या पुडीत कुंकू आणायचा आणि नानांच्या सगळ्या हत्यारांना लावायचा. पुलरच्या तीन नखांना तीन टिकल्या, न चुकता. नाना त्याच संध्याकाळी ते रॉकेलने पुसून काढायचे. "हत्यार आसा की देव्हारो? आट्यात पिंजर बसली तर फिरतला कसा?" पिंजर म्हणजे आमच्याकडे कुंकू. दत्तू म्हणायचा, "दादा, वरीसभर राबता ता. एक दिवस त्येचो नको?" हे भांडण दरवर्षी आम्ही भिंतीतून ऐकायचो आणि हसायचो.

मग गिरण्यांचा संप झाला. पहिले काही आठवडे सुट्टी असल्यासारखे गेले. नंतर गॅलरीत माणसं नुसती बसून राहायला लागली. भोंगा वाजत नसे, तरी त्या वेळेला जाग यायची. कुणाची बायको डबे करायला लागली, कुणी भांडी मोडीत काढली, कुणी बिऱ्हाड आवरून गावी गेलं. दत्तूने नानांकडे पुलर मागितला. शिवडीच्या रस्त्यावर ट्रकची कामं मिळतात, म्हणाला, हत्यार असलं तर. नानांनी साफ नकार दिला. फिटर आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात देत नाही, सख्ख्या भावाच्याही नाही, हा त्यांचा कायदा होता.

एके दिवशी पुलर जागेवर नव्हता. संध्याकाळी दत्तू जिना चढून आला, तेव्हा नाना गॅलरीत उभे होते. सगळा मजला दारांत होता, मीही होते. "हत्यार विकून खाल्लंस!" नाना ओरडले. "परबांच्या घरात चोर निपजलो!" दत्तूने तोंड उघडलं, एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं. तसाच खाली उतरला. तो परत आला नाही. संप कसा संपला ते कुणाला नीट सांगता येत नाही. दत्तूचंही तसंच झालं.

पुढे गिरण्यांची वर्कशॉपं मोडीत निघाली. तिथली हत्यारंही नानांकडे यायची, खाचांतून वर्षानुवर्षांचं कुंकू बसलेली. नाना खराट्यातली हिराची काडी घेऊन ते कोरून काढायचे. समोरच्या खोलीतले सावंत जन्मभर गिरणीत होते, ते एकदा न राहवून म्हणाले, "नाना, रवांदे ता." नाना म्हणाले, "घाण आसा." सावंत उठून आत गेले. मला त्या दिवशी नानांचा मनापासून राग आला होता.

वर्षं गेली. माझी आई गेली, मी निवृत्त झाले. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर दिसेना. मग ठशाची अक्षरं वाचायला मी त्यांच्याबरोबर जायला लागले. शिवडीला युसूफभाईचं भंगाराचं गोदाम होतं. त्याचा निरोप आला, म्हणून आम्ही गेलो.

"नाना, पनवेलच्या पुढून लॉट आलाय," युसूफभाई म्हणाला. "ट्रॅक्टर-टेम्पोचं गॅरेज होतं. बघून घ्या."

नाना गोणीपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी आत हात घातला. हात आतच थांबला. बाहेर आला तेव्हा त्यात पुलर होता. त्यांनी एकेक पाय चाचपला, वेल्डिंगच्या गाठीवर अंगठा फिरवला, वास घेतला. सवयीने खिशातून हिराची काडी काढली आणि पुलरच्या नखाला लावली. टोकाला लाल भुकटी आली.

"गो बाय, ह्या काय बघ."

मी बघितलं. तिन्ही नखांवर कुंकू होतं. तेल, कुंकू, पुन्हा तेल, पुन्हा कुंकू, असं थरावर थर चढून पार दगड झालेलं.

"कुंकू आहे, नाना. खूप वर्षांचं."

"माझ्याकडे होतो तवा मी पुसून टाकी," नाना हळू म्हणाले. "ह्या सगळा मागसून लावलेला." मग युसूफभाईकडे न बघता विचारलं, "त्या गॅरेजचो मिस्त्री खंय आसा?"

"मिस्त्री ऑफ झाला, नाना, मेला बिचारा. त्याच्या बायकोने सगळं काढलं. ती पण गेली तिच्या भावाकडे, पत्ता काय ठेवला नाही. नाव पण नाय माहीत, सगळे मालवणी मिस्त्री बोलायचे. का, ओळखीचा होता?"

नानांनी अंगठा पुन्हा वेल्डिंगच्या गाठीवर ठेवला. "लगीन केल्यान तर," एवढंच म्हणाले. भावाबद्दल अवाक्षर न काढता युसूफभाई मागेल ते त्यांनी दिलं आणि पुलर छातीशी धरून चालायला लागले.

इतकी वर्षं मला वाटायचं, म्हातारा सूड म्हणून पुलर शोधतोय. भाऊ शोधायची दुसरी कुठली रीत त्यांना येत नव्हती, हे मला त्या रस्त्यावर कळलं, आणि मला रडू आलं.

घरी आल्यावर मी न मागता रॉकेलची बाटली नेली. नानांनी ती हाताने बाजूला सारली.

"त्येका आंघोळ नको." मग वाटी पुढे केली. "थोडी पिंजर दी गो."

"खंडेनवमी लांब आहे, नाना."

"माका म्हायत आसा."

मी करंडा आणला. नानांनी बोट बुडवलं आणि पुलरवर तसंच धरून ठेवलं. "खंय लावतत?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून नखावर नेलं, आधीच्या कुंकवावरच. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

मग ते उठले, पुलर घेऊन गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून ओरडले, "ऐका! दत्तून पुलर विकल्यान नाय! कामाक वापरल्यान! माझो भाव चोर नव्हतो!"

गॅलरीत कुणी नव्हतं. सावंतांच्या खोलीला कुलूप होतं. त्या संध्याकाळी दारांत उभी असलेली माणसं कुणी गावी गेली होती, कुणी डोंबिवलीला, कुणी कायमची. टोकाच्या खोलीतली नवी भाडेकरीण डोकावली. "आजोबा, काही हरवलं का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं.

नाना माझ्याकडे वळले. "तू ऐकलंस मा?"

"ऐकलं, नाना."

"त्या दिवशीय तू होतंस."

"होते."

"मगे पुरे," नाना म्हणाले, आणि पुलर घेऊन आत गेले.