करंगळीचा रजेचा अर्ज

तिसरी ब मधल्या रेवा ढेकणेच्या उजव्या करंगळीने सोमवारी रजेचा अर्ज दिला. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण बिचारीने एकटीनेच लिहिला होता.

मी रेवाची वर्गशिक्षिका. तिला शाळेत अठरा वेळा शू लागते आणि आमच्याकडे उजवी करंगळी वर आल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नाहीत. नियम म्हणजे नियम. मी रेवाला घेऊन मोहोळकर हेडसरांकडे गेले.

सरांनी चष्मा लावला. "रजेचं कारण?"

"लघवी तपासली, त्यात कॅल्शियम जास्त निघालं," करंगळी म्हणाली. "कॅल्शियम हाडांतलं, म्हणजे माझंही. माझंच बाहेर जाणार, आणि परवानगीही मीच उभं राहून मागायची?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पापड, फरसाण बंद. पाणी भरपूर. म्हणजे माझ्या खेपा वाढल्या."

मुद्दा बिनतोड होता. सरांनी पंधरा दिवसांची रजा मंजूर केली आणि पदभार शेजारच्या अनामिकेला दिला. पण अनामिकेला एकटीला उभं राहता येईना. दर वेळी ती मधल्या बोटाला सोबत आणायची. दोन बोटं म्हणजे दोन नंबर, आणि त्याला आमच्याकडे पालकांची चिठ्ठी लागते.

बुधवारी गणिताच्या तासाला रेवा गुडघे आवळून बसली. दुसरीत असताना एकदा वर्गातच झालं होतं, तेव्हापासून पोरं तिला 'टाकी' म्हणतात. "बाई, आज झालं तर मी शाळेत येणारच नाही," ती हळूच म्हणाली.

सर नेमके फेरीवर होते. मी त्यांना दारातच गाठलं.

"करंगळी कुणाचीही चालेल," सर म्हणाले, "पण वर्गातून एक वर आली पाहिजे."

पोरांनी आपापल्या करंगळ्या मुठीत लपवल्या. कॅल्शियमची बातमी फुटली होती.

तेवढ्यात एक करंगळी वर आली. माझी. मी तिला काही सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी या घंटेपासून त्या घंटेपर्यंत दाबून बसत आलेय, तिला कधी विचारलंसुद्धा नाही.

सरांनी वहीत नोंद केली. "दोघी जा."

आम्ही जवळजवळ पळतच गेलो.

हात धुताना रेवाने माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, तुम्हालापण लागते?"

"लागते गं," मी म्हटलं.

पाऊण तासाने आम्ही पुन्हा गेलो.