गेनू अस्वलाची गुळगुळीत गिटार

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं, फक्त गिटारचा क्लास नव्हता. त्यामुळे गेनू अस्वल स्वतःला कलावंत समजायचं. हसू नका. मीही समजतो.

गेनूला श्रोता एकच, वाघीणबाईंचा बछडा. रोज दुपारी गेनू त्यांच्या गुहेत वाजवायला बसायचा आणि चौथ्या सुराला बछडा गाढ झोपायचा. मग वाघीणबाईही जरा आडव्या व्हायच्या. गेनूला याचं फार वाईट वाटायचं. एकदा तरी कुणीतरी शेवटपर्यंत जागं राहून ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

दोष आपला नाही, हे त्याला लगेच पटलं. दोष गिटारच्या मानेचा, म्हणजे त्या लांब दांड्याचा. त्यावर आरशासारखं चकचकीत पॉलिश होतं. घामट पंजा तिथे असा चिकटायचा, की दुसऱ्या सुरावर पोचेपर्यंत ऐकणाऱ्याची जांभई देऊन व्हायची.

गेनू नानू सुतारपक्ष्याकडे गेला. नानूने सांगितलं, मानेची फक्त मागची बाजू बारीक पॉलिशपेपरने हलक्या हाताने घास, चकाकी गेली की पंजा सरकेल. मग जरा थांबून म्हणाला, "पण गेनूदादा, पंजा सरकून जाणार कुठे, ते ठरवलंयस का?"

गेनूने ते ऐकलंच नाही. तो घासायलाही लागला होता.

मान मऊसूत झाली. पंजा वरून खाली सुळकन जाऊ लागला. त्या दुपारी बछडा टक्क जागा राहिला, अगदी शेवटपर्यंत. गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. बछड्याच्याही आलं, कारण तो भोकाड पसरून रडत होता.

तिसऱ्या दिवशी वाघीणबाईंनी गेनूला समोर बसवलं. त्यांचे डोळे तांबारले होते.

"भाऊजी, पोर झोपत नाही, म्हणून मीही झोपत नाही. पूर्वीसारखं वाजवा. झोप झाली नाही की मला भूक लागते."

गेलेलं पॉलिश आता आणायचं कुठून? गेनूने घरातलं पोळं पिळलं आणि मानेला मध चोपडला. पंजा पुन्हा चिकटला. चौथ्या सुराला बछडा घोरू लागला, पाठोपाठ वाघीणबाईही. उरलेलं गाणं गेनू हळूहळू, एकट्यासाठी वाजवत बसला.

बाळांनो? झोपलात वाटतं.

तात्पर्य : आपली कला लोकांपर्यंत नीट पोचू लागली की लोकांचे हाल होतात. म्हणून वाद्यात एखादा दोष राखून ठेवावा. मी मधाच्या दोन बरण्या आणून ठेवल्या आहेत.