चारशे बारा पास

चारशे बाराच्या चारशे बारा चाचण्या नऊ सेकंदांत पास झाल्या आणि ऑफिसात टाळ्या वाजल्या. हेडबाई तेवढ्या कपाळाला आठ्या घालून बसल्या. सॉफ्टवेअरमध्ये नवं काही करताना जुनं बिघडलं नाही ना, हे पाहणाऱ्या या चाचण्या त्यांनीच सात वर्षं खपून लिहिल्या होत्या. शाळेतल्यासारखं 'हेडबाई' हे टोपणनावही त्यातूनच पडलेलं, आणि बाईंना त्याचा केवढा अभिमान!

"नवं मशीन काय पळतंय!" साहेब खुशीत होते. "चार वाजता सॉफ्टवेअर पाठवून देऊ."

"थांबा. एरवी चाळीस मिनिटं लागतात. माझ्या चाचण्या इतक्या गुणी नाहीत."

"अहो, पडद्यावर सगळं हिरवंगार आहे, एकही लाल नाही. आणखी काय हवं?"

सॉफ्टवेअर इस्पितळात औषधाचा डोस काढून देणारं होतं. चूक निसटली तर पेशंटच्या जिवाशी खेळ. बाईंनी घरची युक्ती काढली. नवरा पेपरात डोकं खुपसून नुसतं "हो, हो" करू लागला, की त्या म्हणत, "भाजीत साबण घातलाय." "छान झालीय," असं उत्तर आलं, की स्वारीचं लक्ष नाही हे नक्की. त्यांनी सॉफ्टवेअरमध्येही मुद्दाम घोळ घातला. तान्ह्या बाळाला औषधाची अख्खी बाटली!

चारशे बारा पास.

"आमच्या ह्यांच्यासारखाच आहे हा," बाई म्हणाल्या.

हा म्हणजे नव्या मशीनचा शेल, चाचण्यांमधले हुकूम वाचून पाळणारा. 'उत्तर वेगळं आलं तर ओरड, नाहीतर पास' असं बाईंनी लिहिलेलं. पण तुलना करायची त्यांची रीत जुन्या मशीनवरच्या बॅश नावाच्या शेलची. नव्या शेलला ती कळेना. तो लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, 'हे काय ते माहीत नाही' एवढं पुटपुटून खुशाल पास म्हणत सुटला. लॉग वाचतो कोण?

"चूक माझीच. कुठला शेल हवा, हे पहिल्या ओळीत लिहायचंच राहिलं."

घोळ काढला, ओळ घातली, बॅश आला. चाळीस मिनिटांनी निकाल लागला: तीन नापास. त्यातल्या एकीने खरीच चूक पकडली होती. नवं सॉफ्टवेअर म्हाताऱ्यांना दुप्पट डोस देत होतं. साहेबांनी घाम पुसला आणि चारची रवानगी रद्द केली.

बाई ताठ मानेनं घरी आल्या. नवरा पेपरात.

"अहो, आज माझ्या तीन चाचण्या नापास झाल्या!"

"अरे वा! अभिनंदन!" पेपरामागून आवाज आला.

साबणाचं वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतकं अचूक उत्तर दिवसभरात दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने चहा टाकला.