नकाशाची उजवी बाजू

चार्टसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकही माणूस चुकीच्या जागेवर बसवला नव्हता, आणि हे लोकांना ते स्वतःच सांगत. बस कंपनीच्या आरक्षण विभागात तेहतीस वर्षं त्यांनी आसनांचे तक्ते आखले. दुपारच्या गाडीत ऊन कुठल्या खिडकीला येतं, घाटात दरी कुणाला दिसते आणि कुणाच्या नशिबी नुसता दगड येतो, सगळं तोंडपाठ. माणूस निवृत्त झाला, पण ‘चार्टसाहेब’ हे नाव काही निवृत्त झालं नाही. घरी पाहुणे आले तरी कोण कुठे बसणार हे साहेबच ठरवत, आणि पाहुणेही बिचारे कप हातात घेऊन मुकाट्याने दुसऱ्या खुर्चीवर जात.

तेव्हा क्रूझवर जायचं ठरल्यावर साहेबांनी सफर निवडण्याचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती पडू दिलं नाही, यात नवल नाही. तीन महिने टेबलावर माहितीपत्रकं, फूटपट्टी आणि भिंग. येणाऱ्याजाणाऱ्याला व्याख्यान ठरलेलं. “लोक बंदरांची नावं वाचून सफर निवडतात. बंदरं काय, सगळीकडे सारखीच. बघण्यासारखं असतं ते दोन बंदरांच्या मध्ये. जहाज किनाऱ्यापासून किती लांबून जातं, किती वाजता जातं आणि किनारा कुठल्या हाताला येतो, एवढ्या तीन गोष्टी बघा. बाकी सगळी जाहिरात.”

सल्ला खरोखर चांगला होता. म्हणूनच पुढे जे झालं ते साहेबांना जास्त लागलं.

एवढा खटाटोप होता बायकोसाठी. तिचे वडील एका किनाऱ्यावर दीपगृहाचे रखवालदार होते. दहा वर्षांची होईपर्यंत ती तिथेच वाढली. संध्याकाळी एखादं जहाज लांबून जायचं, तेव्हा ती वरच्या गोल गॅलरीत उभी राहून वडिलांचा लाल टॉवेल हलवायची. वडील दुर्बिणीला डोळा लावून सांगायचे, आज कप्तानाने टोपी काढली बरं का. आज एक बाई तुला हात करतेय. मग वडिलांची बदली झाली आणि दीपगृह सुटलं ते सुटलंच. त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली होती. आता जवळच लोखंडी मनोरा उभा राहिला होता आणि या मोसमानंतर जुनं दीपगृह पाडणार होते. समुद्रावरून ते कसं दिसतं हे तिने कधीच पाहिलं नव्हतं. तिला एकदा जहाजावरून बघायचं होतं, की त्या गॅलरीतली पोर खरंच कुणाला दिसत असेल का. संसारात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

साहेबांनी चार सफरी तपासल्या. एक खोल समुद्रातून जाणारी, एक तिथून अंधारात जाणारी, तिसरी बेटांच्या पलीकडून. चौथी मात्र किनाऱ्याला धरून जाणारी, आणि दीपगृहासमोर दुपारी चार चाळीसला. किनारा उजव्या हाताला. परतीचा प्रवास बसने, त्यामुळे संधी एकदाच, आणि तीही पाचेक मिनिटांची.

बुकिंगच्या ऑफिसात व्याहीही बरोबर होते. व्याही म्हणजे मुलीचे सासरे, निवृत्त दंतवैद्य. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानेच बोलायची त्यांना चाळीस वर्षांची सवय. विहीणबाईंना नुसता होडीचा फोटो बघून मळमळायचं, म्हणून ते एकटेच येणार होते. काउंटरवरच्या मुलीने केबिनच्या मजल्याचा कागद पुढे सरकवला. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना चौकोनांच्या रांगा. हुबेहूब बसचा तक्ता! तिने साहेबांसाठी डाव्या रांगेतल्या चौकोनावर खूण केली होती. साहेब हसले. ती खूण खोडून समोरचा, उजव्या रांगेतला चौकोन त्यांनी स्वतःच्या पेनाने भरला.

“काका, या कागदावर जहाजाचं तोंड—” ती सांगू लागली.

“ताई, तेहतीस वर्षं मी हेच केलंय.”

डावीकडचा, म्हणजे साहेबांच्या हिशेबाने नुसतं पाणी दिसणारा चौकोन व्याह्यांच्या वाट्याला आला. साहेबांनी तो त्यांना फार आग्रहाने दिला. डावी बाजू शांत असते, झोप छान लागते, असंही वर सांगितलं.

जहाज अकरा वाजता सुटलं. साडेअकराला साहेबांनी बायकोला बाल्कनीसमोरच्या खुर्चीत बसवलं, हातात दुर्बीण दिली आणि पडदा सर्रकन बाजूला केला.

पाणी. पाण्याच्या पुढे पाणी. त्याच्याही पुढे, नीट बघितलं तर, पाणीच.

“किनारा?” बायकोने विचारलं.

“येईल,” साहेब म्हणाले. “अजून वळायचंय जहाज.”

असं म्हणून ते बाहेर पडले. समोर व्याह्यांचं दार उघडंच होतं. त्यांच्या बाल्कनीत हिरव्या टेकड्या होत्या, पांढरी घरं होती, किनाऱ्याचा रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून चक्क एक बस चालली होती. तिच्या उजव्या खिडक्यांत ऊन आलेलंसुद्धा साहेबांना तेवढ्या लांबून दिसलं. खिशातला कागद काढून त्यांनी उलटसुलट पाहिला. बसच्या तक्त्यात ड्रायव्हर नेहमी कागदाच्या वरच्या बाजूला असतो. या कागदावर खालच्या कोपऱ्यात बारीकसा बाण होता आणि बाणापाशी लिहिलं होतं, ‘जहाजाची पुढची बाजू’.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायकोला सांगितलं असतं, चुकलो गं, चल डेकवर. लिफ्टने दोन मिनिटांचं काम. पण डेक म्हणजे ज्यांना चार्ट समजत नाही त्यांची सोय, असं याच साहेबांनी तीन महिने जगाला सांगितलं होतं. आणि चुकलो हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी फिरकलाच नव्हता, त्याला वाट कुठून सापडणार? साहेबांनी ठरवलं, केबिनच बदलून घ्यायची. गाजावाजा न करता, व्याह्यांवर उपकार केल्यासारखी.

जेवणं झाल्यावर ते गेले. म्हणाले, दुपारी तुमच्या बाजूला कडक ऊन येणार, तुम्ही आमच्या केबिनमध्ये आराम करा, आम्ही सोसू ऊन. व्याह्यांना गहिवरून आलं. मुलीच्या वडिलांनी उन्हात बसायचं आणि मुलाच्या बापाने सावलीत लोळायचं, छे छे, लोक काय म्हणतील! साहेबांनी आग्रह केला, व्याह्यांनी दुप्पट केला. मग व्याह्यांनी स्वतःच्या सासऱ्यांची उन्हातली एक गोष्ट सांगायला घेतली. ती तीन वाजता संपली.

साहेबांना घाम फुटला. एक तास चाळीस मिनिटं उरली होती. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला आणि तोंडाला येईल ते सांगून मोकळे झाले. “खरं सांगू का व्याहीसाहेब, हिला त्या बाजूला गरगरतं. नुसतं पाणी बघून.”

“अरेरे, मग आधी नाही का सांगायचं?” व्याही ताडकन उठले. साहेबांना वाटलं, सुटलो. पण व्याही सामान आवरायला उठले नव्हते, फोनकडे उठले होते. शेवटी वैद्यकीच्या पेशातला माणूस. त्यांनी जहाजाच्या डॉक्टरलाच बोलावून घेतलं.

साडेतीनला डॉक्टरीणबाई नर्सला घेऊन हजर. वयाने तरुण, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. बायको बिचारी बरोबर आणलेला लाल टॉवेल मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गरगरतंय का? बायकोने डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागे पाहिलं. तिथे साहेब हात जोडत होते, मान हलवत होते आणि डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, त्यातलं एकही अक्षर कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

“यांनाच विचारा,” ती म्हणाली. “हे सांगतात ते बरोबरच असतं.”

साहेबांनी सांगितलं की हो, गरगरतं, खूपच गरगरतं, आणि बाजू बदलली की थांबतं. बाजूचा काही संबंध नसतो, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, दोन तास सक्तीची विश्रांती. पडून राहायचं, बाल्कनी बंद, पडदे बंद, बाहेर पाऊल टाकायचं नाही. नर्स दाराशी खुर्ची टाकून बसली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या आणि जाताना तासाभराने येते म्हणाल्या.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सकाळी निदान डेक तरी होता! आता बायको अंधाऱ्या केबिनमध्ये छताकडे बघत पडलेली, आणि तिला तिथे आडवं करणारे खुद्द चार्टसाहेब.

“चार चाळीसला उठू देतील ना?” तिने हळूच विचारलं.

साहेब नर्सकडे वळले. चार झाले. सव्वाचार झाले. नर्सला त्यांनी तीनदा विनवलं. तीन वेळा तिने सांगितलं की डॉक्टर म्हणतील तसंच. चार वीसला डॉक्टरीणबाई परत आल्या, मागोमाग काळजीने व्याहीही आले, आणि केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यांसमोर साहेबांनी खिशातून तो कागद काढला.

“हिला काही झालेलं नाही. मी चुकलो. मी हा कागद उलटा धरला. किनारा त्या बाजूला आहे, आणि हिचं दीपगृह वीस मिनिटांत येतंय. तिला सोडा. माझ्यामुळे तिचं ते बघायचं राहायला नको.”

बायको उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी आधी कागद पाहिला, मग साहेबांचा घामाने डबडबलेला, लालबुंद चेहरा पाहिला आणि त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाबाचा आकडा बघून भुवया वर गेल्या.

“रुग्ण हे आहेत,” त्या म्हणाल्या. “आजींना जाऊ द्या. यांना झोपवा. पडदे बंदच ठेवा.”

बायको टॉवेल घेऊन व्याह्यांबरोबर समोरच्या केबिनमध्ये गेली. साहेब आडवे झाले. भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. समोरच्या केबिनमधून आवाज आला नाही, हाक आली नाही. व्याहीसुद्धा गप्प होते, आणि असं होण्याची बहुधा ही पहिलीच वेळ होती.

पाचला ती परत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

“दिसलं?” साहेबांनी विचारलं.

“दिसलं. आगकाडीएवढं.”

“आणि गॅलरी?”

“गॅलरी कुठली दिसायला. माणूस तर लांबच.” तिने टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “तरी मी टॉवेल हलवला. व्याह्यांनाही रुमाल हलवायला लावला. म्हटलं, तिथे कुणी पोर उभी असली तर.”

तिचे डोळे ओले होते. साहेब नको तेच बोलून गेले. “म्हणजे तुझे बाबा तेव्हा खोटंच सांगत होते.”

“खोटंच,” ती म्हणाली. “पण त्यांचं पन्नास वर्षं टिकलं. तुमचं पाच तासही नाही.”

आणि ती हसली. किती तरी दिवसांनी एवढं हसली. साहेबांनाही हसू आलं, पण नर्सने डोळे वटारल्यावर त्यांनी ते आवरलं. पुन्हा रक्तदाब घ्यायचा होता.

“डावा हात पुढे करा,” नर्स म्हणाली.

चार्टसाहेबांनी आधी बायकोकडे पाहिलं. तिने बोट दाखवलं, आणि तो हात त्यांनी पुढे केला.