पालीच्या अंड्यांना किती ऊब?

मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा तिने खोलीतलं सगळं सामान नेलं आणि पाल तेवढी मागे ठेवली. भिंतीवरची नव्हे, पाळलेली. पिवळी, ठिपक्याठिपक्यांची, काचेच्या पेटीत राहणारी आणि (आईच्या मते) माणसांकडे पाळत ठेवल्यासारखी बघणारी. नव्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते. बाबा फोनवर नुसतं "राहू दे इथेच" म्हणाले. माणूस दोन शब्द बोलून जातो आणि ते निस्तरायला हिवाळा पुरत नाही.

कारण घर बदलण्याआधी ही पाल मुलीच्या मैत्रिणीच्या नर पालीकडे चार दिवस पाहुणचाराला जाऊन आली होती. त्याचं फळ एका सकाळी ओल्या मातीत दिसलं. भुईमुगाच्या शेंगेएवढी, पांढरी, मऊ अशी दोन अंडी.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू खरं बोलतात की खोटं, हे तपासण्यात त्यांचे केस पिकले होते. घरात मात्र त्यांना कोणी काही विचारत नसे. मुलीचा फोन आला की "बाबा, बरा आहेस ना? आईला दे," एवढंच त्यांच्या वाट्याला येई. अंडी झाली आणि चमत्कार झाला. आई पालीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती, त्यामुळे मुलगी रोज बाबांशी बोलू लागली. अंडी हलवू नकोस, उलटी करू नकोस, ऊब सारखी ठेव. बाबा मान हलवून "हो, हो" करत (फोनवर मान दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरीही). ही अंडी फुटली पाहिजेत, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पालीसाठी किती आणि फोनसाठी किती, ते त्यांनी तपासलं नाही.

पेटी सोपी होती. थर्मोकोलचा डबा, तळाशी गरम होणारी चटई, वर अंड्यांची डबी. प्रश्न होता ऊब आवरायची कशाने, म्हणजे थर्मोस्टॅट कुठला घ्यायचा.

आईचा भाऊ इलेक्ट्रिशियन. तो म्हणाला, "दाजी, खटक्याचा घ्या. गार झालं की चालू, गरम झालं की बंद. त्यात कसला आलाय विचार?" दुकानदाराने दुसराच काढला. हा खटकन बंद होत नाही, म्हणाला, हळूहळू कमी करतो, हळूहळू वाढवतो.

बाबा विचारात पडले. खटक्याचा म्हणजे त्यांचे साहेब. एक तर भडकलेले, नाही तर गेलेले. दुसरा म्हणजे आई. तिचा राग कधी सुरू झाला ते कळत नसे आणि कधी संपला तेही, पण घर कायम कोमट असे. मुलीला त्यांनी स्वतः कुठल्या पद्धतीने वाढवलं होतं? खटक्याच्याच, बहुतेक. बराच वेळ बंद, मग परीक्षेच्या निकालाला एकदम चालू.

"लग्न ठरवताना तुम्ही एवढा विचार केला नव्हता," स्वयंपाकघरातून आवाज आला.

तेव्हा दुकानदाराने दोन दाखवले नव्हते, हे उत्तर बाबांच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूहळूवाला आणला.

यंत्र झकास होतं. लांब वायर, टोकाला बोटाच्या पेराएवढा सेन्सर. तो अंड्यांशेजारी ठेवायचा, तो सांगेल तशी यंत्र चटई तापवणार. आकडा दिसे अठ्ठावीस. आठवडे सुरळीत गेले. पण रविवारी जेवण झाल्यावर बाबांमधला निरीक्षक जागा झाला. आकडा दाखवतो खरा, पण कोणी तपासलाय? शिक्का आहे का?

घरात भरवशाचं माप एकच, तापाचा थर्मामीटर. बाबांनी झाकण सरकवून सेन्सर बाहेर काढला, आरामखुर्चीत बसले, एका काखेत थर्मामीटर धरला आणि दुसऱ्या काखेत सेन्सर. आकडे स्थिर व्हायची वाट बघू लागले. आकड्यांच्या आधी बाबाच स्थिर झाले.

फोनच्या आवाजाने जाग आली तेव्हा उन्हं कलली होती.

"बाबा, तापमान किती आहे?"

बाबांनी झोपेतच यंत्राकडे पाहिलं. "छत्तीस."

"छत्तीस? बाबा, शिजतील ती. झाकण काढ आधी."

झाकण अर्धं उघडंच होतं. बाबांनी डब्यात हात घातला, तर आत दगडासारखं गार. वर आकडा छत्तीस, खाली चटई थंडगार. यंत्र खोटं बोलतंय, असं ते फोनवर ठासून सांगू लागले. असल्या दुकानदारांचे तराजू मी जप्त केलेत, वगैरे. त्यांचा आवाज ऐकून आई उंबऱ्यापर्यंत आली. तिने पालीकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं.

"अहो, ती वायर तुमच्या शर्टात कशाला गेलीय?"

बाबांनी शर्टात हात घालून सेन्सर बाहेर काढला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई म्हणाली. "यंत्र तुम्हाला उबवत होतं. तुम्ही गरम आहात म्हणून त्याने अंड्यांची चटई बंद केली."

मग तिने उंबरा ओलांडला. शेकायची पिशवी भरून आणली, डब्याला टेकवली, वरून स्वतःची शाल गुंडाळली. बाबांनी सेन्सर जागेवर ठेवला. मुलगी फोनवरून हळू आवाजात म्हणाली, टॉर्च लाव, अंड्यामागून बघ. आईने टॉर्च धरला. पांढऱ्या कवचाआड लाल शिरांचं जाळं उजळलं, आणि जाळ्याच्या मधोमध काहीतरी बारीकसं फडफडलं.

आई खूप वेळ टॉर्च धरून उभी होती. "ही पण अशीच दिसली होती," ती फोनकडे बघत म्हणाली, "डॉक्टरांनी सोनोग्राफीत दाखवलं तेव्हा." बाबांना ते आठवत नव्हतं. त्या दिवशी ते कुठल्या तरी बाजारात तराजू तपासत असावेत.

त्यानंतर सेन्सर कोणी हलवला नाही. आई मात्र येता-जाता डब्यावर हात ठेवून बघे, आणि तिचा हात नि यंत्र यांत कधी मतभेद झाला नाही.

एका सकाळी दोन्ही कवचं फाटली आणि पट्ट्यापट्ट्यांची दोन पिल्लं बाहेर आली, छान टुणटुणीत. बाबांनी धावत फोन लावला. बरोब्बर अठ्ठावीसवर ठेवलं, म्हणाले, हळूहळूवालाच योग्य होता, मी त्याच दिवशी ओळखलं होतं. पलीकडे मुलगी हसत होती, बहुतेक थोडी रडतही होती. बाबा खुर्चीत ऐसपैस बसले. आता सावकाश बोलायचं होतं. साहेबांचं, आईचं, खटक्याचं.

"बाबा, ग्रेट काम केलंस," मुलगी म्हणाली. "आता पिल्लांना काय घालायचं ते नीट सांगायचंय. आईला दे ना."