शरफूभाईंचा पाचवा

नांदेडच्या टायर बाजारात शरफूभाईंच्या दुकानासमोर गाडी जरा हळू झाली, की आतून हाक यायची, "पाचवा कुठाय?"

पाचवा म्हणजे स्टेपनी. चार टायर गाडीला लागलेले असतात, म्हणून तो पाचवा. हा हिशेब शरफूभाईंचा. ओळख असो नसो, ते गल्ल्यावरून उठायचे, लाकडी हातोडा घेऊन गाडीच्या मागे जायचे, स्टेपनीवर दोन ठोके घालायचे आणि डॉक्टरसारखा कान लावायचे. आवाज पसंत पडला तर म्हणायचे, "जाव, बिस्मिल्ला." नाही पडला तर गाडीवाल्याची धडगत नसायची. "मियां, चौघांचं लाड करून राहिलास आन् पाचवा उपाशी?"

आणि याच माणसाने उतारवयात स्वतःसाठी चाकांवरचं घर बांधलं, तेव्हा त्याला स्टेपनी ठेवली नाही.

मी त्यांचा शेजारी. आमची भिंतीला भिंत. माझी सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, शिकवलं मी कुणालाच नाही, पण चष्मा आणि पुस्तक एकत्र दिसलं की आमच्या गल्लीत माणूस सर होतो. शरफूभाईही मला सरच म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. हे लिहायला बसेपर्यंत दिवाळी उलटली.

त्यांच्या पाचव्याचं प्रस्थ केवढं होतं, ते आधी सांगतो. दसऱ्याला लोक गाड्यांना हार घालायचे तेव्हा शरफूभाई झेंडूची टोपली घेऊन दुकानासमोर उभे. "अगाडीला हार घातला, त्यो मानाचा. पिछाडीचा कामाचा हाय, त्याला?" असं म्हणत स्टेपनीवर एक फूल ठेवायचे. हळूहळू ती रीतच पडली. वऱ्हाडाच्या गाड्या गाव सोडण्याआधी त्यांच्या दुकानावरून जाऊ लागल्या. त्यांचे दोन ठोके पडले की प्रवास सुखाचा होतो, असा समज झाला होता. एका नवरदेवाला तर त्यांनी बाशिंगासकट खाली उतरवलं होतं, कारण स्टेपनीवर आहेराच्या बॅगा रचल्या होत्या. मुहूर्त टळायला आला, मुलाचा मामा हातघाईवर आला. शरफूभाई शांतपणे म्हणाले, "मामासाब, मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढून देतेत. टायर फुटला तर भटजी काय देतेत?"

मामाने बॅगा स्वतः उतरवल्या. पुढे तो त्यांचं कायमचं गिऱ्हाईक झाला.

तर अशा माणसाने शाळेची एक जुनी लहान बस विकत घेतली. तिचा पिवळा रंग नव्या पांढऱ्याखालून अजूनही कुठे कुठे डोकावायचा. आत पलंग, गॅसची शेगडी, घडीचं टेबल, टपावर पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात एक उभं, कुलूपबंद कपाट. सगळा मोहल्ला घरगाडी बघायला लोटला. शरफूभाई हौसेने एकेक वस्तू दाखवायचे. कपाटापाशी आलं की म्हणायचे, "हे तुमच्या भाभीचं. बायकांच्या कपाटाला हात लावू नये."

बाजारातले लोक अर्थातच आधी मागे गेले. गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, जिथे स्टेपनी टांगलेली असते तिथे पत्रा ठोकलेला होता.

"चाचा, पाचवा कुठाय?"

"न्हाई ठेवला."

त्या दिवशी टायर बाजारात कुणी दुसरं बोललं नसेल.

कारण विचारलं की शरफूभाई प्रत्येकाला नवं द्यायचे. ट्रकवाल्यांना सांगायचे, "पाचवा ठेवला की चौघं आळशी होतेत. त्यांना वाटतंय, पाठीमागं माणूस हाय." मशिदीतल्या मौलवीसाहेबांना म्हणाले, "भरवसा अल्लावर ठेवायचा का रबरावर?" मौलवीसाहेब म्हणाले, "मग शरफूभाई, दुकान बंद करा." कुणी सुचवलं, आत ठेवा की पलंगाखाली. त्यावर उत्तर, "रजियाला वास सोसत न्हाई. उमरभर माझ्या अंगाचा सोसला, तेवढा बास."

मी सहसा विचारत नाही. तरी एकदा त्यांनीच मला धरलं. "सर, तुम्ही दुसरा चष्मा जवळ ठेवता का?"

"ठेवतो."

"म्हणजे पहिल्यावर तुमचा भरवसा न्हाई," असं म्हणून ते समाधानाने निघून गेले. माझ्या खिशातला चष्मा त्या दिवसापासून मला उगाचच जड वाटू लागला.

हसण्यावारी जायचं, पण त्यात त्यांच्या नावाचा प्रश्न होता. गिऱ्हाइकं दुकानात येऊन म्हणू लागली, "चाचा, तुमच्याच गाडीला न्हाई, मग आमाला कशापायी विकून राहिलात?" त्यांचा मुलगा अस्लम आता दुकान बघायचा. तो माझ्यापाशी येऊन चडफडायचा. "सर, तुम्ही तरी समजवा अब्बांना. जिंदगीभर कमावलेलं नाव हाय हे. लोकं येडं म्हणून राहिले त्यांना." मी समजावलं नाही. शरफूभाईंना समजावणं म्हणजे रोलरला धक्का देणं.

त्या हिवाळ्यात रजियाभाभींच्या भाचीचं लग्न निघालं. भाभींचं माहेर उदगीर. ही भाची नांदेडला शाळा शिकायला म्हणून भाभींकडेच वाढलेली. पण भाभींनी कित्येक वर्षांत उदगीरच काय, गल्लीचं तोंड ओलांडलेलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या मयतीलाही त्या गेल्या नाहीत. गुडघे दुखतात, असं सांगितलं जायचं. आता मात्र भाचीने फोनवर रडून सांगितलं होतं, फुफी, म्हणजे आत्या, आली नाही तर मी मेंदी लावणार नाही. शरफूभाई म्हणाले, "नेतो." घरगाडीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच.

मलाही त्यांनी बरोबर घेतलं. "सर, चला. सोबत बोलणारे लई हायेत. गप बसणारा एक पाहिजे."

भाभी मागे, पलंगावर. आम्ही दोघे पुढे. लोहा गाव सुटेपर्यंत शरफूभाईंनी तीनदा गाडी थांबवली. प्रत्येक वेळी म्हणायचे, "उतरा सर, टायर गार होऊ द्या." डिसेंबरातल्या सकाळी टायर कशाने तापले, ते मला कळेना. उतरलो की हात धरून मला पार शेताच्या बांधापर्यंत न्यायचे आणि गाडीकडे पाठ करून उभं करायचे. "हरबरा बगा, कसा आलाय." मी हरभरा बघायचो. पुढच्या थांब्याला तूर. त्याच्या पुढच्या थांब्याला काहीच नव्हतं, नांगरलेलं रान होतं, तर म्हणाले, "माती बगा." थोड्या वेळाने गाडीच्या काचेवर आतून बांगडी वाजायची आणि आम्ही परतायचो. नवरा-बायकोची काही खूण असेल, असं समजून मी पुस्तक उघडायचो.

जांब मागे पडलं, जळकोट यायचं होतं. रस्त्याचं काम चाललं होतं. कुठल्या तरी लोखंडी सळईने मागचा टायर बगलेतून फाडला. पंक्चर असतं तर शरफूभाईंनी डोळे मिटून काढलं असतं. फाटलेल्या टायरला औषध नाही.

ते मैलाच्या दगडावर बसले. लग्नासाठी शिवलेली पांढरी शेरवानी, डोक्यावर जाळीची टोपी. आणि मग गंमत सुरू झाली. नांदेडपासून उदगीरपर्यंतचा ड्रायव्हर माणूस त्यांना ओळखणारा. एक काळीपिवळी जीप कचकन थांबली. ड्रायव्हरने अर्धं अंग बाहेर काढलं. हा क्षण आपल्या आयुष्यात येईल असं त्याला कधी वाटलं नसावं.

"चाचा!" तो म्हणाला, आणि जीपभर माणसं ऐकत असताना त्याने सावकाश विचारलं, "पाचवा कुठाय?"

"नांदेडात," शरफूभाई म्हणाले. "आराम करून राहिला."

जीप हसत निघून गेली. मागून दुधाची मोटारसायकल आली, मग कांद्याचा टेम्पो. प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, प्रत्येकाला उत्तर मिळालं. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. भाभींचा आवाज आला, "अहो, मेंदीची वेळ टळून जाईल."

शरफूभाईंनी एक सुस्कारा सोडला आणि मन्मथअप्पांना फोन लावला.

मन्मथअप्पा उदगीरचे टायरचे व्यापारी. उमेदीच्या वयात दोघांनी एकाच उस्तादाच्या हाताखाली पंक्चर काढलेली, त्यामुळे दोस्ती जुनी आणि चढाओढही तेवढीच जुनी. अप्पा स्वतः जीप घेऊन आले. टायर असा उतरवला, जसा पाहुणा उतरवावा. त्याला झेंडूचा हार घातलेला होता आणि वर कुंकवाचं बोट.

"अय्यो शरफू, साऱ्या गावाला ग्यान शिकवलास की रे!" अप्पांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "हार तुझ्याच रीतीनं घातलाय बघ. काई चुकलं का?"

"फूल पाहिजे, अप्पा. अख्खा हार जास्ती होतो," शरफूभाई म्हणाले.

अप्पा जॅक घेऊन गाडीच्या मागे वाकले, आणि शरफूभाई ओरडले, "हात लावू नका!"

इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. अप्पाही दचकले. "अरे, वय काय तुझं? मी लावतो की. शेरवानी घालून खाली झोपणार हाईस व्हय?"

"माझी गाडी हाय. मीच लावतो."

"मी काय खाणार हाय तुझी गाडी?" अप्पा फुरंगटून आपल्या जीपमध्ये जाऊन बसले.

शरफूभाई त्या धुळीत पाठीवर आडवे झाले आणि घसरत गाडीखाली गेले. त्यांनी जॅक आत ओढून घेतला. गाडीखालून हाक आली, "सर, जरा दांडा धरा." मी गुडघ्यांवर बसलो आणि वाकलो.

पत्र्याच्या आड, स्टेपनीच्या जागी, एक पोलादी टाकी पट्ट्यांनी आवळून बसवलेली होती. तिच्यातून एक जाड नळी वर गेली होती, बरोबर त्या कोपऱ्यातल्या कपाटाखाली. ते कपाट नव्हतंच. तो संडास होता.

आमची दोघांची तोंडं हातभर अंतरावर होती. शरफूभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, जॅक बसवता बसवता बोलले.

"आपरेशन झाल्यापासून तिला थांबवत न्हाई, सर. घडी घडी जावं लागतं. रस्त्यात बाईमाणसानं कुठं जायचं? म्हणून तिनं निघणंच सोडलं. पोरालाबी म्हाईत न्हाई. टाकी बसवायला ही एकच जागा होती. एक तर ती, न्हाई तर पाचवा."

"पण सांगायला काय हरकत होती?"

"कुणाला? बाजाराला?" ते हसले. "मला हसले तर मी पुरून उरतो. तिला कुणी नुसतं बघितलं, तरी ती पुन्हा उंबऱ्याच्या भाईर येणार न्हाई. सर, तुम्ही वाचणारे हाव. एवढं एक पान सोडून द्या."

मी दांडा धरून राहिलो. टायर बसला. अप्पांचा रुसवा दोन मिनिटांत गेला, कारण त्यांना उदगीरला पोचून हे सगळं सांगायची घाई होती.

त्यांनी ते सांगितलं. मांडवात, जेवणाच्या पंगतीत, नवऱ्या मुलाच्या बापाला, काझीसाहेबांना. लोक पोट धरून हसले. मातीने माखलेली शेरवानी घालून शरफूभाई मधोमध बसले होते आणि सर्वांत मोठ्याने हसत होते. "अप्पा, ते हाराचं ऱ्हायलं. ते सांगा की." अप्पांनी ते पुन्हा सांगितलं. हसता हसता शरफूभाईंची नजर मधूनच बायकांच्या बाजूला जायची. तिथे भाभी भाचीचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि चारी बाजूंनी त्यांच्या माहेरच्या बाया त्यांना गराडा घालून होत्या.

नंतर ती दोघं बरीच फिरली. पावसाळ्यात इस्लापूरला जाऊन सहस्रकुंडाचा धबधबा बघून आली. भाभींनी तो पहिल्यांदाच पाहिला. प्रत्येक फेरीनंतर बाजारात पाचव्याचा एक नवा किस्सा निघायचा आणि शरफूभाई त्यात आपली भर घालायचे.

ते गेले तेव्हा सगळा टायर बाजार दुकानासमोर येऊन बसला. लोक रडत होते आणि रडता रडता पाचव्याचे किस्से सांगत होते. त्यात वाईट काही नव्हतं, प्रेमच होतं. अस्लम मात्र डोळे पुसत म्हणाला, "सगळ्या गावाला शहाणपण दिलं अब्बांनी. स्वतःपुरतं ठेवलं न्हाई." पडद्यामागे भाभी बसल्या होत्या.

इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागे बाईने घरात राहायचे दिवस संपल्यावर भाभींनी मला बोलावलं. अस्लम चहा करायला आत गेला होता.

"सर, तुम्ही लिहिता म्हणे."

"थोडं."

"मग पाचव्याच्या जागी काय होतं, ते लिहा."

मी गोंधळलो. म्हणालो, "भाभी, ते गुपित ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं."

"म्हाईत हाय मला. पण लोकं त्यांना येडं म्हणून राहिले. माझ्या पोटचा पोरगाबी म्हणून राहिला. टायरमधलं त्यांच्याएवढं कुणाला कळत होतं? नाव घालून लिहा. त्यांचंबी, माझंबी."

"लोक हसतील."

"हसू द्या. इतकी वर्षं सगळं हसू त्यांनी एकट्यानं घेतलं. थोडं माझ्या वाट्याला येऊ द्या."

अस्लम चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. कधीपासून, ते कळलं नाही. भाभींनी त्याला बसवलं आणि टाकीचं, कपाटाचं, ऑपरेशनचं सगळं सांगितलं. तिसऱ्याच कुणाबद्दल बोलाव्या तशा बोलल्या. अस्लमने ट्रे खाली ठेवला. उठला आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेला.

भाभी आणि मी खिडकीत गेलो. घरगाडी गल्लीत उभी होती. अस्लमने किल्ली खिशात टाकली, मागे गेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाने तसाच जमिनीवर आडवा झाला आणि घसरत गाडीखाली गेला. त्याचे पाय तेवढे बाहेर राहिले. येणारे जाणारे थांबून बघू लागले. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

"कपडे मळतेत त्याचे," भाभी म्हणाल्या. पण त्यांनी हाक मारली नाही.